प्रवाळबेटावरील मुक्काम : मुद्दल आणि व्याज

आपल्या सभासदांच्या घरी विवाह झाला, अथवा वडीलधाऱ्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला, की अलीकडे मालदीवच्या सहलीचा विषय हमखास निघतो. बंगळूरहून दोन-अडीच तासांत तेथे विमान पोहोचते. प्रवासी कंपन्यांची रंगीत माहितीपत्रके दुकानाच्या गादीवर येऊन पडतात, आणि त्यांतील बहुतेकांवर ‘शाश्वत’, ‘पर्यावरणपूरक’, ‘निसर्गस्नेही’ असे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. पोत्यावर काय छापले आहे हे वाचून आमच्या धंद्यात सौदा होत नाही. पोत्यात नळी खुपसून हातावर आलेला दाणा पाहावा लागतो. तोच न्याय या शब्दांना लावून पाहावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. आम्ही स्वतः कुटुंबासह अशा एका बेटावर काही दिवस राहून आलो; तथापि येथे प्रवासवर्णन करण्याचा आमचा मानस नाही. ते बेट कशाचे बनले आहे, तेथे एक पाहुणा ठेवण्यास काय काय लागते, खरा माल व खोटा माल कसा ओळखावा, आणि श्रावकाच्या दृष्टीने या चैनीची मर्यादा कोठे असावी, एवढेच सांगावयाचे आहे.

बेटाची घडण

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे असून त्यांपैकी दोनशेहून कमी बेटांवर लोकवस्ती आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पाच लाखांच्या किंचित वर भरते. ही बेटे वर्तुळाकार माळांच्या रूपाने समुद्रात पसरलेली आहेत. अशा माळेस जगभर ‘अॅटॉल’ म्हणतात, आणि हा शब्द मूळचा मालदीवच्या दिवेही भाषेतलाच आहे. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर. म्हणजे आपल्या दुकानाच्या ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाची मान लागेल तेवढीही नव्हे.

ही सर्व जमीन प्रवाळाने निर्माण केलेली आहे. प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा असतो. तो समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती दगडी घर बांधतो. अशी कोट्यवधी घरे एकावर एक रचली जाऊन खडक तयार होतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन याने १८४२ मध्ये असे प्रतिपादन केले, की समुद्रातील ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खाली बसत जातो व त्याच्या कडेचे प्रवाळ तितक्याच गतीने वर वाढत राहतात. अखेरीस डोंगर दिसेनासा होऊन प्रवाळाचे कडे तेवढे उरते. पुढे १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे छिद्र घेतले असता सुमारे १,४०० मीटर खोलीपर्यंत प्रवाळाचाच चुनखडक लागला व त्याखाली ज्वालामुखीचा खडक सापडला. एका पुरुषाचा तर्क शंभर वर्षांनी असा खरा ठरला.

किनाऱ्यावरील शुभ्र वाळूही प्रवाळाचीच. पोपटमासा नावाचा रंगीत मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडून त्यावरील शेवाळ खातो, आणि पोटात गेलेला चुना पीठ होऊन बाहेर पडतो. बा अॅटॉलमधील वक्कारू बेटासंबंधी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथील खडकावर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू एकट्या पोपटमाशाची आहे असे आढळले. म्हणजे ज्या वाळूवर पाहुणा आरामखुर्ची टाकून बसतो, ती वाळू दररोज नवी दळली जात असते. गिरणी बंद पडली तर पिठाचा साठा किती दिवस पुरेल, हे आम्हां व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

कवडी आणि तांदूळ

या बेटांचा आपल्या देशाशी व्यापारी संबंध फार जुना आहे. आपल्या भाषेत ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्द ज्या कवडीवरून आले, ती कवडी शतकानुशतके मोठ्या प्रमाणावर मालदीवच्या समुद्रातून येत असे व हिंदुस्थानात नाणे म्हणून चाले. १३४३-४४ च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तेथे काही महिने काझी होता. बंगालचे लोक कवड्यांच्या बदल्यात तांदूळ देत, असे त्याने लिहून ठेवले आहे. धान्य तेथे पिकत नाही. नारळ, फणसाच्या जातीचा विलायती फणस, अळकुड्या आणि मासे, एवढीच त्या भूमीची कमाई.

आजही स्थिती तीच आहे. १९८१ च्या उभय देशांच्या व्यापारकराराखाली भारत सरकार मालदीवसाठी जीवनावश्यक मालाचा कोटा ठरवून देते. २०२४-२५ या वर्षासाठी १,२४,२१८ टन तांदूळ, १,०९,१६२ टन गव्हाचे पीठ, ६४,४९४ टन साखर आणि ३५,७४९ टन कांदा यांच्या निर्यातीस परवानगी होती. शिवाय बांधकामासाठी नदीची वाळू व खडी प्रत्येकी १० लाख टन. आम्ही मुक्काम केला त्या बेटावरील कोठार आग्रहाने पाहून घेतले. तांदळाच्या पोत्यांवरचा मजकूर आपल्याकडचाच होता. पाचूसारख्या पाण्याकडे पाठ करून पोती मोजणारा पाहुणा कोठारवाल्याने बहुधा पूर्वी पाहिला नसावा; परंतु बेटाची खरी ओळख आम्हांस तेथेच झाली. भात, भाजी, डिझेल, साबण, चादरी, सारे काही नावेतून येते. आणि जे येते त्याचे बारदान, कचरा व सांडपाणी बेटावरच उरते.

पाहुण्यामागचा खर्च

मालदीवमध्ये पर्यटनाची सुरुवात १९७२ मध्ये झाली. एका बेटावर एकच रिसॉर्ट, अशी तेथील रीत आहे. त्यामुळे प्रत्येक चालकास आपल्या बेटापुरते वीजघर, पाणीघर, मलशुद्धी, कोठार, नोकरांची चाळ, असे एक लहानसे गावच उभारावे लागते. २०२४ मध्ये या देशास २० लाखांहून अधिक पाहुण्यांनी भेट दिली. म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे चौपट. या चौपट पाहुण्यांचा भार चार खात्यांवर पडतो.

पहिले खाते पाण्याचे. बेटाच्या पोटात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत असते. अधिक उपसा झाला की खारे पाणी वर येते. म्हणून रिसॉर्टमध्ये समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करतात, आणि त्या यंत्रास वीज लागते. हे जीवन किती नाजूक आहे, हे डिसेंबर २०१४ मध्ये दिसले. राजधानी मालेतील पाणीशुद्धी केंद्रास आग लागली आणि एक लाखाहून अधिक लोक पिण्याच्या पाण्यास मुकले. त्या वेळी भारताने विमानांनी व नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठविले होते.

दुसरे खाते विजेचे. बहुतेक ठिकाणी वीज डिझेलवर होते. सूर्याच्या पाट्या बसविणाऱ्यांची संख्या वाढते आहे. तिसरे खाते अन्नाचे, जे वर सांगितलेच. चौथे खाते कचऱ्याचे. मालेजवळ थिलाफुशी नावाचे एक बेट १९९० नंतरच्या दशकात कचऱ्याच्याच भरावाने तयार झाले आणि तेथे अनेक वर्षे उघड्यावर कचरा जळत असे. माहितीपत्रकात या बेटाचे चित्र कधी आढळत नाही.

जो चालक ही चारही खाती चोख ठेवतो, त्यासच ‘शाश्वत’ म्हणवून घेण्याचा अधिकार. असे चालक आहेत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. बा अॅटॉलमधील सोनेवा फुशी हे १९९५ मध्ये सुरू झालेले रिसॉर्ट. त्याने २००८ मध्ये बाहेरून येणारे बाटलीबंद पाणी बंद केले व बेटावरच शुद्ध केलेले पाणी काचेच्या बाटल्यांत भरून देण्यास प्रारंभ केला. काचेची बाटली धुऊन पुन्हा भरता येते, हे आपल्या आजींना ठाऊकच होते. तेथे ते धोरण म्हणून पाळावे लागले.

मुद्दल कोणते?

आता मुख्य मुद्दा. रिसॉर्टचे भांडवल म्हणजे लाकडी बंगले, तरणतलाव अथवा स्वयंपाकी नव्हेत. ते सारे पैसे टाकून पुन्हा उभे करता येते. खरे मुद्दल म्हणजे बेटाभोवतीचे जिवंत प्रवाळ. ते लाटांचा मारा अडविते, वाळू पुरविते, मासे पोसते, आणि पाहुण्यास जे पाहावयाचे असते तेही तेच. जगातील सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळाने व्यापलेला आहे, परंतु सागरी प्राणिजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींचा आधार तोच. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर पेढी चालविणे याचेच नाव शाश्वतता. मुद्दल मोडून थाट करणे याचे नाव आपल्या भाषेत दिवाळे.

या मुद्दलास सर्वांत मोठा धोका उष्णतेचा आहे. प्रवाळाच्या देहात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून प्रवाळास देते, आणि प्रवाळाचे रंगही बव्हंशी त्यामुळेच. भागीदारीची ही पेढी पाण्याच्या ठराविक उष्णतेतच चालते. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एक अंश सेल्सिअसने जरी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ त्या शैवालास बाहेर टाकते व पांढरे पडते. पाणी लवकर निवले तर ते सावरते. न निवले तर उपासमारीने मरते. १९९८ मध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातील बहुतांश प्रवाळ असेच मेले. पुढे बरेच भरून आले, तोच २०१६ मध्ये पुन्हा सुमारे ६० टक्के प्रवाळ पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये तज्ज्ञांनी चौथे जागतिक प्रवाळश्वेतन जाहीर केले. पृथ्वीचे तापमान दीड अंशाने वाढल्यास उष्ण समुद्रांतील ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होईल आणि दोन अंशांनी वाढल्यास ९९ टक्क्यांहून अधिक, असा इशारा संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञ-मंडळाने २०१८ मध्ये दिला आहे. आज आपण नातवंडांस जे दाखवीत आहोत, ते त्यांना आपल्या नातवंडांस दाखविता येईल की नाही, असा हा प्रश्न आहे.

अनेक रिसॉर्ट लोखंडी सांगाड्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधून ‘प्रवाळबाग’ लावतात व पाहुण्याच्या नावाची पाटीही देतात. काम चांगले आहे. मात्र तापलेल्या पाण्यात लावलेले प्रवाळही इतरांप्रमाणेच मरते. दुष्काळात बियाणे वाटणे पुण्याचेच, परंतु पाऊस त्याने पडत नाही.

नमुना कसा पाहावा

जागा राखून ठेवण्यापूर्वी पुढील प्रश्न पत्राने विचारावेत. पिण्याचे पाणी बेटावर तयार होते की प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून येते? विजेचा किती भाग सूर्यापासून मिळतो? सांडपाणी शुद्ध करून बागेस देतात की समुद्रात सोडतात? कचरा कोठे जातो? बेट नैसर्गिक आहे की समुद्रातळाची वाळू उपसून, भर घालून केलेले? या शेवटच्या प्रश्नास विशेष महत्त्व आहे, कारण उपशाचा गाळ आसपासच्या प्रवाळावर बसून ते गुदमरते. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या बंगल्यांविषयीही हीच चौकशी करावी. ते वाळूवर उभे आहेत की प्रवाळावर, हे पाहावे. सागरजीवांचा जाणकार नोकरीस ठेवला आहे काय, आणि प्रवाळाची मोजदाद दरवर्षी होते काय, हेही विचारावे. ज्याच्या वह्या नीट आहेत तो आकडे देतो. ज्याच्या नाहीत तो विशेषणे देतो.

पैशाचा हिशेबही आधी स्पष्ट करून घ्यावा. सांगितलेल्या भाड्यावर पर्यटनाचा कर (जुलै २०२५ पासून १७ टक्के) व सेवाशुल्क वेगळे पडते. शिवाय जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी दररोज १२ डॉलर हरितकर आहे. चौघांचे कुटुंब पाच रात्री राहिले तर २४० डॉलर. समुद्रविमान दिवसाउजेडीच उडते. म्हणून सायंकाळी माले येथे उतरणाऱ्यास तेथेच एक रात्र काढावी लागू शकते.

आपल्या कुटुंबांसाठी

आहाराची व्यवस्था आगाऊ कळविल्यास होते. कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमूळ वर्ज्य, हे लेखी द्यावे आणि अळकुडी हेही कंदच असल्याचे स्पष्ट लिहावे. सूर्यास्त तेथे वर्षभर सहाच्या आसपास होतो. परंतु पुष्कळ रिसॉर्ट आपल्या बेटाचे घड्याळ एक तास पुढे ठेवतात. घड्याळात सात वाजलेले पाहून घोटाळा होऊ नये, म्हणून भोजनाची वेळ सूर्यावरून ठरवून घ्यावी. मालदीव मुस्लिम देश असून पूजेच्या मूर्ती नेण्यास तेथील जकातखात्याची मनाई आहे. सामायिक, जप व स्तोत्रपठण यांस मूर्तीची आवश्यकता नाही. प्रवाळ व शिंपले तेथून आणू नयेत. आपल्या देशातही २००१ पासून खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळास वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. जवाहिऱ्यांकडील तांबडे पोवळे भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणच्या निराळ्या जातीचे असते. त्याचा व या खडकांचा घोटाळा करू नये.

आपल्या जीवविचारात विद्रुमाची, म्हणजे पोवळ्याची गणना पृथ्वीकायिक जीवांत केली आहे, आणि शंख व कवडी यांची द्वींद्रिय जीवांत. आधुनिक शास्त्र प्रवाळास प्राणी मानते. वर्गीकरण भिन्न असले तरी तो निर्जीव दगड नव्हे, याविषयी दोहोंचे एकमत आहे. डेऱ्यासारखे गोल प्रवाळ वर्षास सुमारे एक सेंटिमीटरच वाढते. आमच्या बरोबरच्या एका पाहुण्याने डोळ्यांवरचा चष्मा नीट करण्यासाठी अशा प्रवाळावर पाय टेकला आणि हाताएवढा तुकडा क्षणात सुटला. त्या गृहस्थाच्या नोकरीची जितकी वर्षे झाली असतील, तितकी वर्षे त्या तुकड्यास वाढण्यास लागली असावीत. मुनींची ईर्यासमिती जमिनीवर जितकी, तितकीच पाण्यातही लागू आहे, असे आम्हांस वाटते. ज्यास पोहणे पक्के येत नाही त्याने वाळूच्या तळावरच थांबावे. अंगास लावण्याच्या काही लेपांतील ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्ये प्रवाळास घातक मानली जातात. पलाऊ या देशाने १ जानेवारी २०२० पासून असे लेप बंद केले. त्यांपेक्षा अंगभर बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा; आपल्या स्त्रियांस तो सोयीचाही होतो.

जावे की न जावे?

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. ज्या उष्णतेने प्रवाळ मरते, त्या उष्णतेत विमानाच्या धुराचाही वाटा आहे. मग पाहुण्यानेच मुद्दलास कात्री लावली असे होत नाही काय? काही अंशी होते, आणि काचेच्या बाटलीने ते भरून निघत नाही. उलट बाजूही पाहावी. १९९३ च्या एका अभ्यासात असे दाखविले होते, की मालदीवमध्ये पकडलेल्या एका करड्या शार्कमाशाचे कोळ्यास ३२ डॉलर मिळत, तर जिवंत शार्क पाहण्यास येणाऱ्या पाणबुड्यांकडून त्याच माशामागे वर्षास सरासरी ३,३०० डॉलर मिळत. २०१० मध्ये मालदीवने आपल्या संपूर्ण समुद्रात शार्कची मासेमारी बंद केली. अहिंसेचा उपदेश जेथे पोहोचला नव्हता, तेथे हिशेबाने जीव वाचला. पाहुणे अजिबात बंद झाले तर हा हिशेबही मोडेल.

आम्हांस सुचणारा मार्ग आपल्याच व्रतांत आहे. दिग्व्रताने श्रावक आपल्या हालचालींची सीमा ठरवितो आणि भोगोपभोगपरिमाणाने भोगाची. ही व्रते व्यापाऱ्यांसाठी, प्रवास करणाऱ्यांसाठी, पैसा बाळगणाऱ्यांसाठीच सांगितली आहेत. दरवर्षी नवे बेट पाहण्याचा हव्यास सोडावा. जावयाचे तर आयुष्यात एकदा जावे, घाईचे तीन दिवस न ठेवता सावकाश राहावे, आणि ज्याची चारही खाती स्वच्छ आहेत त्याच्याच पदरात पैसा टाकावा. घाऊक गिऱ्हाईक ज्या प्रतीचा माल मागते, त्याच प्रतीचा माल बाजारात येतो. आपल्या समाजातील कुटुंबांनी हेच प्रश्न सातत्याने विचारले, तर उत्तरे तयार ठेवणे चालकांस भाग पडेल.

ज्यांना एवढा खर्च वा एवढा प्रवास नको, त्यांच्यासाठी मालवण आहे. आंबोलीचा घाट उतरून बेळगावकर तेथे सकाळी निघून दुपारपर्यंत पोहोचतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहे, आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. तेथे विलासी बंगले नाहीत, पण प्रवाळ तोच जीव आहे आणि त्याचा नाश होण्याची कारणेही तीच. नाव ठरविताना नांगर प्रवाळावर टाकणार नाही, व पाहुण्यास खडकावर उभे करणार नाही, एवढे नावाड्याकडून वदवून घ्यावे आणि त्यासाठी दोन रुपये अधिक द्यावेत. हे दोन रुपये खर्चाच्या खात्यावर न टाकता ठेवीच्या खात्यावर मांडावेत, अशी आमची आपल्या सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.